मागल्या अंगाच्या दोन खिडक्या

ब्याण्णव सालच्या मार्चात, धुळवड होऊन चारच दिवस झाले होते, तेव्हा भर दुपारी वणवा घराच्या मागच्या भिंतीपर्यंत आला.

लीला ओट्यावर बसून डाळ पाखडत होती. आधी वास आला. पण या दिवसांत जंगलाकडून जळका वास रोजच यायचा, कुठं ना कुठं पाचोळा पेटलेलाच असायचा, म्हणून तिनं मान वर केली नाही. मग आतून सासूचा खोकला ऐकू आला. तो नेहमीचा नव्हता. तिनं सूप टाकलं आणि उठली.

आतल्या खोलीत धूर भरला होता. मागच्या भिंतीला दोन खिडक्या होत्या. त्यांतली डावीकडची झडप पेटली होती आणि तिच्याच खाली खाटेवर मंजुळाबाई उठून बसली होती. गोधडीच्या कोपऱ्यावर ठिणगी पडून आतल्या चिंध्या धुमसत होत्या. दम्यानं म्हातारीला शब्द फुटत नव्हता. ती नुसती हातानं खिडकी दाखवत होती.

लीलानं गोधडी ओढून अंगणात फेकली. सासूला काखेत धरून बाहेर आणलं, शेवग्याखाली बसवलं आणि रांजणात गोणपाट बुचकळून ती मागं धावली. गवत वाळून पार कोरडंठाक झालेलं. जाळ गुडघ्याएवढाच, पण वाऱ्यासरशी सरसर पुढं येणारा. ती गोणपाट आपटत राहिली. एका जागी विझवलं की दुसऱ्या जागी हातभर पुढं दिसायचं. पायाला चटके बसत होते, पदर तिनं दातांत धरला होता. तेवढ्यात वरच्या पाड्यावरचा भगवंत हिरव्या फांद्यांचा भारा घेऊन धावत आला. भगवंत जंगलखात्यात रोजंदारीवर आगीची राखण करायचा. पन्नाशीचा, काटक माणूस. दोघांनी मिळून अर्धा तास झोडपलं तेव्हा जाळ वळला आणि ओढ्याच्या बाजूनं खाली गेला.

लीला भिंतीला टेकून बसली. भुवया जळाल्या होत्या. खिडकीची जळकी झडप एका बिजागरीवर लोंबत होती.

"आज वाचलां तुम्ही," भगवंत म्हणाला. "पर हा खालचा जाळ होता. गवताचा."

"म्हणजे?"

त्यानं टेकाडाकडं हात केला. "साग अजून पान टाकतोय. त्या अंगाला यंदा काय पण जळला नाय. सगळा खाली पडंल, गुडघा गुडघा थर होईल. मग पेटंल. महिन्यानं म्हन, दीड महिन्यानं म्हन. पावसाला लय दिस हायेत."

लीलानं हद्दीच्या दगडाकडं पाहिलं. पांढरा चुना फासलेला तो दगड घरापासून सहा हातांवर होता. त्याच्या अलीकडचं गवत तिनं दिवाळीनंतरच खुरप्यानं काढलं होतं. पलीकडची एक काडी जरी कापली तरी जंगलखात्याचा माणूस दारात येऊन उभा राहायचा.

---

लीलाचा नवरा काळू अहिरे मूळचा साक्रीकडचा. सिल्वासात येऊन त्याला आठ वर्षं झाली होती. नरोलीला भाड्याच्या खोलीत पाच वर्षं काढली. तीन खोल्यांत मिळून एकच नळ, आणि शेजारच्या कारखान्याचा धूर थेट घरात. त्यात म्हातारीचा दमा बळावला. म्हणून सामरवरणीच्या मागच्या अंगाला, जंगलाला लागून, कुणी घेत नव्हतं ती दोन गुंठ्यांची जागा त्यानं घेतली. विटांच्या उघड्या भिंती, वर पत्रे. जंगलाकडून वारा यावा म्हणून मागच्या भिंतीला दोन खिडक्या मुद्दाम ठेवल्या. वाऱ्यानं म्हातारीला बरं वाटायला लागलं होतं.

संध्याकाळी तो सायकल टेकवून थेट मागं गेला. जळक्या झडपेला बोट लावलं तशी ती खाली पडली. त्या झडपा त्यानंच मशिनच्या खोक्यांच्या फळ्यांतून केल्या होत्या. फुकट मिळालेलं लाकूड, तेलासारखं पेटणारं.

"दोन्ही विटांनी बुजवून टाका," लीला म्हणाली. "आजच्या आज."

"माले कोंडशात का?" खाटेवरून मंजुळाबाई म्हणाली. ती अजून साक्रीकडचंच बोलायची. "पत्रा तापस, माले दम लागस. खिडकी बुजी टाकी तं मी मरी जासू."

"माय, कोणी बुजत नाही," काळू म्हणाला. मग लीलाकडं वळला. "लोखंडाच्या करतो. अँगलची चौकट, पत्र्याचे पल्ले. जाळ आला की लावून घ्यायचे, गेला की उघडायचे."

"किती लागतील?"

काळूनं भिंतीवरच कोळशानं आकडे मांडले. तो सामरवरणीच्या एका शेडमध्ये वेल्डर होता. दिवसाला दोन-दोन खिडक्या हातावेगळ्या करायचा, लोकांच्या बंगल्यांच्या. कुठल्या खिडकीला किती लोखंड जातं हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

"नवा माल घेतला तर साडेसातशे. दोन्हीचे मिळून."

त्याला अडतीस रुपये रोज होता. तिनं पदरानं भिंतीवरचे आकडे पुसले.

---

दुसऱ्या दिवशी काळू शेठसमोर उभा राहिला. शेठ टेबलावर पाय ठेवून वर्तमानपत्र वाचत होता.

"शेठ, घराची खिडकी करायची होती. थोडं लोखंड..."

"रोकडा?"

"पगारातून कापा."

शेठ हसला. "पगारमांथी? तारी वहू शुं खाशे पछी?" बायको मग काय खाणार म्हणून शेडमधले दोघे-तिघेही हसले. काळू तसाच उभा राहिला. शेवटी शेठनं वर्तमानपत्र बाजूला केलं. "सुन. रविवारे आवजे. अँगलचे तुकडे पडले आहेत ते घे. गॅस वापर, मशिन वापर. पण पत्रा तारो, तुझा तू आण. आणि सकाळी बारापर्यंत माझं काम, मफत. मंजूर?"

काळू मान हलवून वळला. पत्रा कुठून आणायचा हे त्याला ठाऊक होतं. कारखान्यांतून रिकामे झालेले लोखंडी ड्रम भंगारवाल्याकडं चाळीस रुपयांना मिळायचे. दोन्ही तोंडं कापून मधून चिरला आणि ठोकून सपाट केला की एका ड्रममध्ये एका खिडकीचे दोन पल्ले बसायचे. अर्धी वस्ती त्याच पत्र्यावर उभी होती.

पहिला ड्रम तेलाचा होता. रविवारी तो सायकलला बांधून काळू शेडवर गेला, दुपारी लीला भाकरी घेऊन मागोमाग आली. सकाळपासून त्यानं शेठचं गेट वेल्ड केलं होतं. भाकरी खाऊन त्यानं ड्रम उभा केला, शेडच्या पाण्याच्या टाकीचा रबरी पाइप त्यात सोडला आणि काठोकाठ पाणी भरलं.

"एवढं पाणी कशाला?" लीलानं विचारलं.

"आत वाफ राहिली असली आणि गॅस लावला तर ड्रम फुटतो. पाणी भरलं की वाफेला जागा राहत नाही. आम्हाला उस्तादानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं."

त्यानं चष्मा लावला, गॅस पेटवला. कड कापत गेला तसं पाणी सांडत राहिलं, शेडभर चिखल झाला. झाकण निघालं. काळूनं ते उचलून लीलाला दाखवलं, आणि त्याच वेळी शेठची गाडी आत आली. बरोबर दोन पाहुणे होते. त्यांतल्या एकाचा पांढरा बूट चिखलात रुतला.

"आ शुं?" शेठ ओरडला. "टांकी खाली करी नाखी? पाणी तुझ्या बापाचं आहे? टँकरचे पैसे मी देतो!"

"शेठ, ड्रमला पाणी भरावंच लागतं..."

"मला शिकवतो? जेटलुं पाणी गयुं एटलुं पाछुं भर. हमणां ने हमणां."

टाकीत पाणी परत भरायचं म्हणजे रस्त्यावरच्या हापशीवरून आणायचं. हापशी तीनशे पावलांवर. काळूनं आणि लीलानं मिळून तेरा हंडे आणि वर बऱ्याच बादल्या आणल्या. पाहुणे शेडच्या सावलीत खुर्च्यांवर बसून थम्सअप पीत होते. लीला टाकीच्या शिडीवर चढली की शेठ मोजायचा, "आठ... नऊ..." काळू तिच्याकडं बघत नव्हता. तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतानाही त्यानं मान वर केली नाही.

सूर्य कलल्यावर त्यानं पत्रा ठोकायला घेतला. एवढ्या जोरानं घण घालत होता की लीला म्हणाली, "हळू, पत्रा फाटेल." त्यानं ऐकलं नाही.

---

पहिली खिडकी बुधवारी बसली. डावीकडची, मंजुळाबाईच्या खाटेवरची. चौकट भिंतीत सिमेंटनं पक्की केली, दोन्ही पल्ले बिजागऱ्यांवर झुलते. कडीसाठी पट्टी कमी पडली, म्हणून ती दुसऱ्या खिडकीच्या कडीबरोबर करू म्हणून ठेवून दिली, तोवर तारेनं आवळायचं ठरलं.

मंजुळाबाईनं पल्ले तीनदा लावून उघडून पाहिले. "जड शेतस," ती म्हणाली. "पण बेस शे. वारा बी येस."

रोशनी, हिंदी शाळेत जाणारी त्यांची बारा वर्षांची मुलगी, पल्ल्यावर बोट फिरवत होती. आतल्या बाजूला ड्रमवरची अक्षरं उलटी राहिली होती. "बापू, ये तो उलटा लिखा है," ती म्हणाली. सगळे हसले. त्या आठवड्यात त्या घरात एवढंच हसू झालं.

जंगलात रोज पानं पडत होती. आधी एकेक, मग दुपारच्या वाऱ्याला थव्यानं. सागाचं एवढं मोठं पान खाली पडलं की ताट पडल्यासारखा आवाज व्हायचा. भगवंत दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी तो उजवीकडच्या उघड्या भगदाडापाशी थांबला. लाकडी झडप तिथून लीलानं आधीच काढून टाकली होती, नुसतं गोणपाट लावलं होतं.

"ही कधी?"

"येत्या रविवारी," काळू म्हणाला.

"बेगी कर. काल अथालच्या अंगाला धूर होता."

दुसरा ड्रम कसला होता हे भंगारवाल्यालाही सांगता आलं नाही. झाकणाचं बूच काढलं की गोडसर, डोकं चढवणारा वास यायचा. काळूनं तो कपड्यांच्या सोड्यानं दोनदा खळबळून धुतला आणि दोन दिवस बूच काढून उन्हात टाकला. तरी रविवारी शेडवर नेला तेव्हा लीलाला वास आला.

"पाणी भरू या," ती म्हणाली.

काळूनं टाकीकडं पाहिलं. शेठनं तोटीला कुलूप लावलं होतं.

"मी हापशीवरून आणते."

"तेरा हंडे?"

"आणते ना. मागच्या वेळी आणलेच की."

"नको." त्याचा आवाज चढला. मग खाली आला. "शेठ आला तर पुन्हा तमाशा होईल. पुन्हा तू शिडीवर, आणि तो मोजत बसेल. दोनदा धुतलाय मी. आता काय राहिलंय त्यात?"

लीलानं प्यायला आणलेला हंडा तिथंच खाली ठेवला. ती दहा पावलं मागं सरकली, कारण त्यानंच सांगितलं.

आवाज झाला तेव्हा शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाल्याचं तिनं पाहिलं, पण त्यांचे पंख ऐकू आले नाहीत. काहीच ऐकू येत नव्हतं. ड्रमचं झाकण वर जाऊन छपराच्या कैचीला आपटलं आणि गरगरत खाली आलं. काळू उताणा पडला होता. चेहऱ्यावरून वाफ निघत होती. चष्म्याची डावी काच शाबूत होती, उजवी नव्हती. लीलानं हंडा उचलून त्याच्या तोंडावर ओतला आणि ओरडत रस्त्याकडं धावली. आपण काय ओरडतोय हे तिलाच ऐकू येत नव्हतं.

---

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, उजवा डोळा काढावा लागेल, डावा वाचेल, पण महिनाभर पट्टी. चेहरा, मान आणि छाती भाजली होती.

चौथ्या दिवशी शेठ मोसंबी घेऊन आला. खाटेपाशी उभा राहून त्यानं खिशातून कागद काढला. "रविवार हतो," तो लीलाला हळूच म्हणाला. "काम माझं नव्हतं, त्याचं होतं. ड्रम पण त्याचा. एटलुं ज लख्युं छे. सही कर."

लीलाला सही येत होती. चौथीपर्यंत शिकली होती. तिनं कागद घेतला, दोनदा वाचला.

"सकाळी बारापर्यंत तुमचं काम केलं त्यांनी. ते लिहिलं नाही यात."

शेठनं नुसतं पेन पुढं केलं.

"ते लिहा. मग करते."

त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला. मोसंबीची पिशवी मात्र राहू दिली. त्यानंतर तो आला नाही.

काळू पट्टीआडून म्हणाला, "करायची होतीस सही. नोकरी राहिली असती."

"कसली नोकरी?" लीला म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं, हे बोलायला नको होतं.

तिला रोज घरी जावं लागायचं. म्हातारी आणि रोशनी दोघीच. वाटेनं ती टेकाडाकडं बघत चालायची. साग आता पार उघडे झाले होते, खोडांमधून पलीकडचं आभाळ दिसायचं. आठव्या दिवशी तिनं ओढ्यातून दगड आणायला सुरुवात केली. रोशनी माती कालवायची. उजवीकडचं भगदाड तिनं दगडमातीनं बुजवायला घेतलं. एक थर, वाळू द्यायचा, दुसरा थर. तिसऱ्या दिवशी फक्त वीतभर फट उरली तेव्हा खाटेवरून मंजुळाबाई म्हणाली,

"तेवढी ऱ्हाऊ दे, लीला."

"ठिणगीला वीतभर पुष्कळ झाली, आत्याबाई."

"माले बी वीतभरच लागस."

लीलाच्या हातात दगड होता. सासूकडं न बघता तिनं तो बसवला, वर माती थापली आणि तळहातानं गुळगुळीत केली. त्या रात्री म्हातारी एकाच खिडकीला तोंड लावून बसून राहिली.

---

काळूला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात घरी आणलं. डाव्या डोळ्यावर पट्टी होती, उजव्या जागी खळगा. पहिल्या दिवशी त्यानं भिंतीला हात लावत लावत सगळी खोली पाहिली. डाव्या खिडकीपाशी तो थांबला, पल्ले हलवले, बिजागऱ्या दाबल्या. मग उजवीकडं सरकला. हात मातीवर फिरला, वर गेला, खाली आला.

"इथं काही नाही," तो म्हणाला.

"बुजवली," लीला म्हणाली.



पाचव्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला, वारा अचानक फिरला. रोशनी शाळेत होती. लीला अंगणात रांजण भरत होती. टेकाडाच्या पलीकडून आवाज आला, जोराचा पाऊस पानांवर पडावा तसा, पण आभाळ कोरडं होतं. मग टेकाडाच्या माथ्यावर धूर उभा राहिला, आणि धुराच्या खाली लाल रेघ.

भगवंत उतारावरून धावत येत होता. "वाट पेटली! रस्त्याची वाट पेटली!" तो लांबूनच ओरडला. "खाली नका जाऊ! आतच ऱ्हा!"

लीलानं वाटेकडं पाहिलं. खालच्या वळणावर दोन्ही बाजूंचं गवत पेटलं होतं. धावता येणारा माणूस कदाचित निघाला असता. म्हातारीला दहा पावलांत दम लागायचा, आणि काळूला दिसत नव्हतं.

तिनं दोन गोणपाटं ओली केली, आत गेली आणि सासूसकट खाट खिडकीखालून कोपऱ्यात ओढली. "वणवा आलाय. बाहेर पडता येत नाही. तुम्ही खिडकी लावा. मी आणि भगवंतभाऊ बाहेरून बघतो."

"तूही आत ये."

"पत्र्याखालचे वासे पेटले तर आतून काय करणार?" तिनं एक ओलं गोणपाट त्याच्या हातांभोवती गुंडाळलं. "कडी नाहीये. तार टिकायची नाही, वारा मोठा आहे. धरून ठेवा. काही झालं तरी सोडू नका."

ती दार ओढून घेऊन गेली.

काळूनं चाचपडत दोन्ही पल्ले ओढले आणि आत लावलेल्या मुठींना धरून तो मागं रेलला. खोली काळोखी झाली असणार, त्याला तेवढंच समजलं की खाटेवरची माय एकदम गप्प झाली. बाहेरचा आवाज वाढत गेला. पाचोळा तडतडत होता, कुठंतरी बांबू फुटत होते, गोळी सुटल्यासारखे. वाऱ्याचा धक्का आला आणि पल्ले त्याच्या हातातून अर्धी वीत सुटले. धगधगती हवा आत शिरली. त्यानं गुडघा भिंतीला लावून ते परत ओढले.

लोखंड तापायला लागलं. आधी कोमट, मग चहाच्या भांड्यासारखं. गोणपाटातून वाफ निघून त्याच्या कच्च्या मानेला लागत होती. तापण्यावरूनच त्याला कळत होतं जाळ कुठं आहे. खालून चढला, मधे आला, उजवीकडं सरकला.

"काळू," मंजुळाबाई म्हणाली. "खिडकी उघड रे भाऊ."

"माय, थोडं थांब."

"दम लागस. थोडीशी उघड. बोटभर."

"बाहेर आग आहे, माय."

तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ती खाटेवरून उतरली, त्याच्या हातांपाशी आली आणि पल्ल्याची मूठ ओढायला लागली. तिच्या हातात जोर नव्हता. नखं मात्र त्याच्या मनगटात रुतली.

"मना जीव जास रे. तू मना पोटना ना? उघड."

काळूनं तिला खांद्यानं मागं लोटलं. जन्मात पहिल्यांदा. ती खाली बसल्याचा आवाज आला. मग सरपटल्याचा. मग तिची शिट्टी लांब गेली, बारीक झाली आणि बाहेरच्या आवाजात ऐकू येईनाशी झाली.

"माय?"

कोणी बोललं नाही.

"माय, ए माय!"

गोणपाट कोरडं झालं होतं. तळहात लोखंडाला चिकटत होते. सोडून मागं वळावं, हातानं जमीन चाचपावी, ती कुठं आहे ते बघावं, असं त्याला वाटलं. त्यानं सोडलं नाही. तो पट्टीच्या आत रडत राहिला आणि मिठाचं पाणी डोळ्याला झोंबत राहिलं.

किती वेळ गेला कुणी सांगू शकलं नाही. भगवंत नंतर म्हणाला, दहा मिनिटं. लीला म्हणाली, तास असेल. वणवा घराच्या दोन्ही अंगांनी गेला. पत्र्याच्या वाशाला एकदा जाळ लागला, तो तिनं भगवंतच्या खांद्यावर चढून विझवला. पुढचा शेवगा उभ्या उभ्या करपला.

तिनं दार उघडायला हात लावला तर ते आतून अडलं. जोर लावून ढकललं. उंबऱ्याला तोंड लावून मंजुळाबाई पालथी पडली होती. दाराखालची बोटभर फट तिनं सरपटत जाऊन शोधली होती. ओठांना माती लागली होती. पाठ हलत होती.

"जित्या हायेत," भगवंत म्हणाला आणि म्हातारीला उचलून बाहेर नेलं.

लीला आत गेली. काळू अजून पल्ले धरून भिंतीला रेलला होता.

"गेला," ती म्हणाली. "सोडा आता."

"माय?"

"आहेत. बाहेर आहेत."

त्याची बोटं उघडेनात. लीलानं एकेक करून ती मुठीवरून सोडवली. तळहातांची कातडी लोखंडावरच राहिली. तिनं त्याला रांजणापाशी बसवलं आणि दोन्ही हात पाण्यात धरून ठेवले. पाणी गढूळ झालं तशी तिनं ते बदललं.

संध्याकाळी रोशनी शाळेच्या बाईंबरोबर आली. राखेतून चालून तिच्या चपला पांढऱ्या झाल्या होत्या. ती आधी घराला, मग एकेकाला हात लावून बघत राहिली.

वरचा पत्रा अजून तापलेला होता, आत उभं राहवत नव्हतं. लीलानं खिडकी सताड उघडली. कोपऱ्यातून खाट ओढून ती जागेवर लावायला लागली, तर बाहेरून मंजुळाबाईचा घोगरा आवाज आला.

"तठे नको. मी आते घरमा निजाव नही."

काळू ओट्यावर बसला होता, दोन्ही हात चिंध्यांत गुंडाळलेले. त्यानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "माय, मी उघडली असती तर..."

"माले माहीत शे," ती म्हणाली. "तरी निजाव नही."

भगवंत पाड्याकडं निघाला होता, तो थांबला. "मग मागं टाक खाट," तो लीलाला म्हणाला. "हद्दीच्या दगडाच्या पल्याड. यंदा आता तिथं भ्या नाय."

लीलानं आणि रोशनीनं खाट उचलली. घराच्या मागं जमीन काळी झाली होती, पायाखाली अजून ऊब होती. पांढरा चुन्याचा दगडही काळा पडला होता. त्याच्या पलीकडं, कालपर्यंत जिथली काडी कापायला बंदी होती तिथं, तिनं राख झाडूनं सारली आणि खाट मांडली. म्हातारीला बसवलं. मग काळूला धरून आणलं, त्याच्यासाठी चटई टाकली. रोशनी भाकरीची टोपली घेऊन आली.

चौघं तिथंच जेवायला बसली. काळूला घास लीला भरवत होती. दूर, नदीच्या बाजूला, वणव्याची रेघ अजून पुढं पुढं सरकत होती, आणि तिच्या वाटेवरच्या कुठल्या तरी पाड्यावर ताटं वाजवून माणसांना सावध करत होते. रोशनीनं खायचं थांबवून तिकडं पाहिलं.

"मां, अपने यहाँ फिर आएगा?"

लीलानं आजूबाजूला पाहिलं. उघडी काळी खोडं, राख, मधे घराची भिंत.

"इथं नाही," ती म्हणाली. "इथं जळायला काही राहिलं नाही. जेव."